दोन बहिणींचा खडक

कावेहीने व्हॅन उभी केली आणि पर्यटक पाहुण्यांना घेऊन ती काळ्या खडकांवरून खाली उतरली. समोर लाटांमध्ये दोन सुळके एकमेकांना चिकटून उभे होते.

"हे प्रेमी युगुल," ती नेहमीच्या ठसक्यात म्हणाली. "ज्वालामुखीच्या पेलेदेवीला यांचा मत्सर वाटला. तिने लाव्हा सोडला आणि दोघं मिठीतच दगड झाली. या दगडाचा पापा घेतला की जोडी जन्मभर टिकते!"

तिच्या आजीने, कापेकाने, सांगितलेली गोष्ट अशी नव्हती. लाव्हा येताना पाहून थोरली बहीण पळाली, पण पायाने अधू असलेली धाकटी मागे राहिली म्हणून ती परत फिरली. दोघी तिथेच दगड झाल्या. घरातले सगळे त्यांना आपल्या पूर्वज मानत. पण ती गोष्ट ऐकताना पाहुणे जांभया देत. पाप्याची जोड दिल्यापासून टाळ्या पडायला लागल्या होत्या.

आजही पडल्या. नवी नवरी लाजत पुढे झाली. लाल शर्टवाला एक गृहस्थ तर धाकट्या सुळक्यावर बूट रोवून वर चढला आणि फोटो काढून घेऊ लागला.

तेवढ्यात कावेहीला खडकाच्या आडोशाला आंटी लुका दिसली. ही कापेकाची धाकटी बहीण. कापेका जाऊन महिनाही झाला नव्हता. आंटीच्या हातात हिरव्या पानांत गुंडाळलेला मासा होता. खडकापाशी नैवेद्य म्हणून ठेवायला आणलेला. ती कधीची तिथे उभी होती कोण जाणे.

"काय आजीबाई," लाल शर्टवाला वरून ओरडला, "तुम्ही घेतला होता का पापा? नवरा टिकला का?"

सगळे हसले.

"नवरा टिकला होता, बाबा," आंटी म्हणाली. "बहीण टिकली नाही."

हसणं विरलं. नवरीने कावेहीला हळूच विचारलं, "कोण आहेत या?"

"असेल गावातली कुणीतरी," कावेही म्हणाली.

शब्द तोंडातून निघून गेले. आंटीने ते ऐकलं होतं. तिने कावेहीकडे नीट पाहिलं आणि दोन पावलं बाजूला सरकली.

"तुमचं होऊ द्या, बाई," ती म्हणाली. "मी थांबते."

जिच्या मांडीवर कावेही लहानाची मोठी झाली, तिने तिला 'तुमचं, बाई' म्हटलं! कावेहीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने लाल शर्टवाल्याला खाली उतरायला लावलं आणि सगळ्यांना घाईघाईने व्हॅनकडे पिटाळलं. आंटीजवळ जायचं धाडस मात्र तिला झालं नाही.

रस्त्याला लागल्यावर ती एकदम म्हणाली, "ती माझ्या आजीची बहीण होती. मी सांगितलेली गोष्ट खोटी आहे." मग तिने खरी गोष्ट सांगितली. या वेळी कुणी जांभई दिली नाही.

"मग आम्हाला हे सगळं करू कशाला दिलंत?" नवरीने रागाने विचारलं. लाल शर्टवाला बाहेर पाहत राहिला. कावेही समोरच्या रस्त्यावर नजर ठेवून व्हॅन चालवत राहिली.

ऊन कलल्यावर ती आंटीच्या घरी गेली. आंटी अंगणात समुद्रशेवाळ निवडत बसली होती.

"आंटी, चुकलं माझं."

"गोष्ट बदललीस त्याचं, की मला ओळख दाखवली नाहीस त्याचं?"

"दोन्हीचं."

"त्या बहिणींची नावं सांग."

कावेहीने तोंड उघडलं. थोरलीचं नाव... ती आठवत राहिली. आजी घोळवून घोळवून ती नावं घ्यायची, हात हलवायची, ते सगळं डोळ्यांसमोर आलं. नावं मात्र आली नाहीत. तिने खाली मान घातली.

आंटीने ती सांगितली नाहीत. ती आत गेली, वाडग्यात कुटलेल्या अळकुड्यांची पोई आणि थोडा खारवलेला मासा घेऊन आली आणि वाडगा तिच्यापुढे ठेवला.

"खा आधी. रविवारी ये. व्हॅन आणू नकोस, चालत ये. मग नावांचं बघू."

कावेहीने पोईचा घास घेतला. ती मान वर न करता खात राहिली.