दुसरा पिंजरा

प्रयोगशाळेत तिचं काम उंदरांना भीती शिकवायचं. घंटी वाजवायची, पाठोपाठ पिंजऱ्याच्या जाळीत विजेचा हलका झटका. दोन-चारदा झालं की नुसत्या घंटीनं उंदीर जागच्या जागी थिजे. मिशीसुद्धा हलत नसे. मग त्याला दुसऱ्या पिंजऱ्यात न्यायचं आणि घंटी वाजवायची, झटका मात्र द्यायचा नाही. हळूहळू तो पुन्हा दाणे टिपू लागे.

हीच युक्ती तिनं ठकीवर केली. ठकी तिची लेक, साडेतीन वर्षांची. नवरा पिऊन यायचा. दारात चावी फिरली की मार ठरलेला. पुढेपुढे चावी नुसती खुळखुळली तरी पोर भिंतीला चिकटायची. शेवटी ती लेकीला घेऊन माहेरी निघून आली, आणि रोज संध्याकाळी बाहेरून चावी फिरवून आत यायची, ठकीचा पापा घ्यायची.

"अगं, लेक आहे का उंदीर?" आई करवादायची.

"उंदराचा पापा कोण घेतं?"

होता होता ठकी चावी वाजताच दाराकडे धावू लागली.

इकडे नवऱ्यानं दारू सोडली. खरंच सोडली. "एकदा येऊन बघा तरी," म्हणत होता. पोर सावरली, आता घरही सांधावं, असं तिच्या मनानं घेतलं. मायलेकी जुन्या घरी आल्या.

संध्याकाळी कुलपात चावी फिरली. ठकी थिजली. ठोकळा हातातच, डोळे सताड उघडे, पायाखालची फरशी ओली होत चाललेली.

"मी काही केलं का?" तो दारातच रडवेला झाला. "आज तरी काही केलं का मी?"

नव्हतं केलं. चूक तिची होती. भीतीची वाट मेंदूतून पुसली जात नाही. तिच्याशेजारी नवी पडते, तीही नाजूक. जिथे झटका बसला त्याच पिंजऱ्यात परत सोडलं, की उंदीर जुनी वाट धरतो. उंदरांचं सगळं तोंडपाठ, आणि पोटच्या पोरीच्या वेळी मेलं आठवलं नाही. माहेरचं दार हा दुसरा पिंजरा होता.

"होईल गं सवय, हळूहळू," तो म्हणाला.

होईलही. पण इथेच, याच फरशीवर, रोज थिजून थिजून. ती ठकीला उचलायला वाकली.

तेव्हा तिला दिसलं. पोर बापाकडे बघतच नव्हती. बघत होती आईकडे. जिनं इथे आणलं, तिच्याकडे. आईचा हात जवळ येताच तिनं मान खांद्यांत ओढून घेतली.

तरी तिनं लेकीला उचललंच, आणि दार उघडं टाकून जिना उतरू लागली. कडेवरची पोर लाकडासारखी ताठ. गळ्यात हात काही आले नाहीत.