कोरम मोडण्यासाठी रस्ता ओलांडताना

आमच्या गावात पाच माणसं अशी आहेत की त्यांतली दोन एकत्र उभी असली तर त्या गप्पा असतात, आणि तिसरं येऊन उभं राहिलं की ती सभा होते. ही पाच माणसं म्हणजे आमचं शाळामंडळ. शाळा, मास्तर, बसगाड्या, मुलांचं दुपारचं जेवण, सगळं त्यांच्या हातात. गाव त्यांना मतं देऊन निवडतं. म्हणजे सहसा कोणीच उभं राहत नाही, त्यामुळे जो उभा राहतो तो निवडून येतो. पगार नाही. मान आहे असं त्यांना सांगण्यात आलेलं आहे.

अमेरिकेतल्या आमच्या आयोवा राज्याचा कायदा म्हणतो की जनतेचं काम जनतेसमोर व्हावं. पाचांतले तीन म्हणजे कोरम. तिघं जमले आणि शाळेचा 'श' जरी निघाला तरी ती चोरटी सभा, आणि तिला दंड. हेतू उत्तम आहे. परिणाम पाहायचा असेल तर सकाळी पेट्रोलपंपावरच्या दुकानात यावं. अध्यक्ष व्हर्लिन क्रूस, बियाण्यांचा निवृत्त विक्रेता, आणि डुकरं पाळणारा गेलन होक्स्ट्रा तिथे रोज कॉफी पितात. मंडळातल्या तिसऱ्या, मिसेस दोस्ताल, डोनट घ्यायला दारात दिसल्या की व्हर्लिन आपला कप उचलून बाहेर बर्फाच्या पेटीजवळ जाऊन उभा राहतो. जानेवारीतसुद्धा. शाळेचा जुना शिपाई वारला तेव्हा त्याच्या अंत्यविधीला पाचही जणांना जायचं होतं, म्हणून आमच्या साप्ताहिकात रीतसर सूचना छापून आली: मंडळाची विशेष सभा, स्थळ ल्युथरन चर्च, विषय शोक.

ती सूचना मीच छापली. त्या साप्ताहिकाचा संपादक मी, बातमीदार मी, आणि जाहिराती मागत फिरणाराही मीच. मंडळाच्या प्रत्येक सभेला मी मागच्या खुर्चीवर असतो. बाकीच्या खुर्च्या बहुतेक वेळा रिकाम्या. जेवणात चिली, म्हणजे राजमा-खिम्याची तिखट आमटी, असेल त्या दिवशी मुलांना दालचिनीचा गोड रोल मिळायचा तो बंद झाला, तेव्हा मात्र लोक भिंतीला टेकून उभे होते आणि एक आजोबा रडले होते. रोल पुढच्याच आठवड्यात परत सुरू झाला. त्यामुळे आमच्याकडे लोकशाही चालत नाही असं म्हणता येणार नाही.

केंड्रा तीगेनचं काम मात्र रोलइतकं मोठं नव्हतं. तिचं घर गावाबाहेर, हमरस्त्याच्या उतारावर. रस्त्याच्या अलीकडे घर, पलीकडे शाळेच्या बसचा थांबा, त्यामागे सहकारी संस्थेची मक्याची कोठारं. सुगीत भरलेले ट्रक त्या उतारावरून खाली येतात. बस थांबली की तिचे लाल दिवे लागतात, अंगातून थांबायची पाटी बाहेर येते, आणि कायद्याने दोन्हीकडची वाहनं उभी राहतात. कायदा ट्रकवाल्यांना मान्य आहे. ओल्या उतारावर ब्रेकला मान्य नसतो. धुकं असलं तर प्रश्नच मिटला.

केंड्राचा नवरा डे मॉइनला नव्या बायकोकडे राहायला गेला. सासू मात्र केंड्राकडेच राहिली. "चूक त्याची, सामान मी का हलवू?" असं अर्डिस म्हणते. तिचे गुडघे गेलेत, ती चाकाच्या खुर्चीत. केंड्रा वृद्धाश्रमात नर्स. पहाटेची पाळी लागली की तिची सात वर्षांची मुलगी ब्रिटा एकटी रस्ता ओलांडायची आणि अर्डिस खिडकीतून बघायची. ओरडता येईल, पळता येणार नाही, एवढीच तिची सोय होती.

केंड्राचं म्हणणं सोपं होतं: बसने कोठारांच्या आवारात वळून यावं आणि घराच्या बाजूला थांबावं. हे सांगायला ती मंडळाच्या सभेत आली. आमच्याकडे कोणीही नागरिक सभेत तीन मिनिटं बोलू शकतो. टेबलावर अंडी उकडताना लावतात तसलं घड्याळ ठेवलेलं असतं. नागरिक बोलतो, घड्याळ वाजतं, अध्यक्ष आभार मानतात. उत्तर देत नाहीत, कारण उत्तर दिलं तर चर्चा होईल, आणि तो विषय त्या दिवशीच्या यादीत नसतो. यादीत घ्यायचा तर शाळेचा रोजचा कारभार पाहणाऱ्या अधीक्षकांकडून यावा लागतो. आमचे अधीक्षक डॉ. बिकफर्ड, डॉक्टर म्हणजे शिक्षणातले. त्यांनी सांगितलं की बसचे मार्ग संगणक ठरवतो आणि त्या आवारात बस वळत नाही असं संगणकाचं मत आहे. तरीही त्यांनी विषय वाहतूक समितीकडे पाठवला. वाहतूक समिती दोन अधीक्षकांपूर्वीच बरखास्त झाली होती; तिच्याकडून कळवण्यात आलं नाही.

केंड्रा महिन्यामागून महिने येत राहिली. एके दिवशी पेट्रोलपंपावर तिने व्हर्लिनला गाठलं. मी मागे रांगेत होतो.

"केंड्रा, तू सभेला येतेस, बरं वाटतं," व्हर्लिन म्हणाला. "जरा गर्दी होते."

"मी एकटीच असते, व्हर्लिन."

"तेच म्हणतो मी."

"थांब्याचं काय करताय?"

"सभेबाहेर मला त्यावर बोलणं बरं नाही."

"सभेत तर तुम्ही बोलतच नाही."

"सभेत तू नागरिक असतेस ना. नागरिकाला उत्तर द्यायची पद्धत नाही. उत्तरच हवं असेल तर मंडळात ये. आमच्यातला दंतवैद्य ॲरिझोनाला निघालाय, त्याची जागा रिकामी होतेय."

व्हर्लिन गमतीत बोलला होता. केंड्राने अर्ज भरला. दुसरं कोणी उभं नव्हतं, त्यामुळे ती निवडून आली. तिच्या सासूने प्रचार केला, म्हणजे फोनवरून लोकांना झोपेतून उठवलं.

पहिल्या सभेत केंड्राने हात वर करून शपथ घेतली, खुर्चीत बसली आणि लगेच थांब्याचा ठराव मांडला. मिसेस दोस्ताल यांनी अनुमोदन दिलं. त्या पूर्वी शाळेत बँड शिकवायच्या. केंड्रा त्यांच्या हाताखाली क्लॅरिनेट वाजवायची आणि अजून त्यांना मिसेस दोस्तालच म्हणते. तेव्हा अधीक्षकांनी फोनवर वकील घेतला. वकील म्हणाला, सभासदाच्या पोटच्या मुलीचा विषय आहे, हा हितसंबंध झाला. बाईंनी बाहेर थांबावं. ठरावही दुसऱ्या कोणी मांडावा.

"ठीक आहे," केंड्रा म्हणाली. "मग मी नागरिक म्हणून तीन मिनिटं बोलते आणि बाहेर जाते."

"नागरिक म्हणून नाही बोलता येणार," व्हर्लिन म्हणाला. "तू आता नागरिक नाहीस. म्हणजे आहेस, पण या खोलीत नाहीस."

"म्हणजे मी निवडून आले नसते तर बोलू शकले असते?"

"निवडून आल्यावर जबाबदारी वाढते, केंड्रा."

ती कॉरिडॉरमध्ये जाऊन बसली, क्रीडास्पर्धांच्या चषकांच्या कपाटासमोर. आत गेलन आणि मिसेस दोस्ताल ठरावाच्या बाजूने, व्हर्लिन आणि बँकेतला ब्रेंट विरुद्ध. ब्रेंट नेहमी व्हर्लिनचा हात बघून आपला हात ठरवतो. व्हर्लिन म्हणाला की एकीसाठी थांबा हलवला तर उद्या सगळेच आपापल्या दारात बस मागतील. "आणि मग मुलं चालणार कधी?" दोन विरुद्ध दोन. बरोबरी म्हणजे ठराव पडला.

ऑक्टोबर उजाडला. मक्याची कापणी जोरात होती. एका पहाटे अर्डिसचा मला फोन आला. "केंड्रा पाळीवर गेलीय. बाहेर हात दिसत नाही. ये आणि वही आण." मी गेलो. धुकं असं होतं की घर आधी हाताला लागलं आणि मग दिसलं. अंगणात गेलन ब्रिटाच्या दप्तराचा पट्टा धरून उभा होता. पाठोपाठ मिसेस दोस्ताल टॉर्च घेऊन आल्या. मग व्हर्लिन आला, आणि तिथेच थबकला.

"गेलन, तू इथे कसा?"

"अर्डिसचा फोन आला. पोरीला रस्ता ओलांडून दे म्हणाली. तू?"

"मलाही हेच म्हणाली."

"मलाही," मिसेस दोस्ताल म्हणाल्या. "आता दोघं गप्प बसा. आपण तिघं झालोय."

व्हर्लिनचं लक्ष माझ्याकडे गेलं. "हाही आलाय."

"पेपरवाल्याशिवाय सभा नको," अर्डिस खिडकीतून म्हणाली. "मी सगळ्यांना वेगवेगळं बोलावलंय हं. कायद्यात तसंच आहे ना?"

"अर्डिस, ही सभा नाही."

"नाही ना? मग बोला की मोकळेपणी."

उतारावरून ट्रक गेला. दिसला नाही, पायाखालची जमीन हलली तेवढाच. ब्रिटाने तिघांकडे बघितलं.

"तुमच्यातलं कोण नेणार मला?"

प्रश्न शाळेच्या बसशी संबंधित होता आणि तिघांनी मिळून ठरवायचा होता, म्हणजे बेकायदा होता. मिसेस दोस्ताल यांनी टॉर्च बंद केली. गेलन बूट बघू लागला. व्हर्लिनने आभाळाकडे पाहिलं. आभाळ नव्हतंच.

"हे आजी-आजोबा बोलत का नाहीत?" ब्रिटाने मला विचारलं.

"ते तुझ्या शाळेचे मोठे लोक आहेत," मी म्हणालो.

"एकाने लांब जायला हवं," शेवटी व्हर्लिन कोणाकडेही न बघता म्हणाला. "मी पलीकडे जातो. मध्ये रस्ता आला की कोरम राहत नाही." हा नियम कुठे लिहिलेला आहे ते मला अजून सापडलेलं नाही. त्याने टोपी सारखी केली आणि चालू लागला.

चार पावलांत तो दिसेनासा झाला. मग हॉर्न वाजला, लांबलचक, आणि टायर ओरडले. मक्याच्या भुशाचा वास आला. त्यानंतर काहीच नाही. ब्रिटाने गेलनच्या कोटात तोंड घातलं.

"व्हर्लिन?" गेलनने हाक मारली.

"त्याच्याशी बोलू नकोस," मिसेस दोस्ताल म्हणाल्या, आणि लगेच स्वतःच ओरडल्या. "काय रे, व्हर्लिन, आहेस का?"

"खड्ड्यात आहे," पलीकडून आवाज आला. "बूट गेला."

तेवढ्यात बस आली. लाल दिवे लागले, पाटी बाहेर आली. पाटी पूर्ण उघडायच्या आत आणखी एक ट्रक बसला घासून खाली गेला आणि बऱ्याच पुढे जाऊन थांबला. ब्रिटा त्या वेळी जिथे असायची ती जागा आम्ही सगळ्यांनी पाहिली. अर्डिस खिडकीतून आमच्याकडे बघत होती. तिने हे आधीही पाहिलेलं होतं.

पुढचं मला बसचालक रॉजरने सांगितलं. व्हर्लिन एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात चिखल घेऊन बसमध्ये चढला आणि म्हणाला, "आवारातून वळव."

"संगणक म्हणतो वळत नाही."

"संगणकाला सांग, अध्यक्ष आत बसलेत."

बस एका दमात वळली. तिच्याहून लांब ट्रक त्या आवारात दिवसभर वळत असतात, हे गावातल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे, अधीक्षकांनीही; पण संगणकाला कोणी ट्रकांबद्दल विचारलं नव्हतं. बस घराच्या दारात आली, ब्रिटा चढली. व्हर्लिन उतरला नाही. उतरला असता तर पुन्हा तिघं झाले असते. तो तसाच पहिलीच्या मुलांमध्ये बसून शाळेपर्यंत गेला. त्याच्या टोपीवर मका कंपनीचं नाव होतं. ती संध्याकाळी रस्त्यावर सापडली, चपाती होऊन.

मी त्या आठवड्यात छापलं: "धुकं दाट आहे. वाहनचालकांनी काळजी घ्यावी."

पुढच्या सभेत व्हर्लिनची पंचाईत होती. थांबा हलवायचा, तर मत का बदललं ते सांगावं लागणार. ते सांगायचं, तर अंगणात कोण कोण होतं ते निघणार. आमच्याकडे यावर उपाय आहे. किरकोळ विषयांचा एक गठ्ठा असतो. त्यावर चर्चा होत नाही, सगळ्याला मिळून एकच मत. एखाद्या सभासदाने एखादा विषय बाहेर काढा म्हटलं, तरच तो सुटा होतो आणि त्यावर बोलावं लागतं. त्या दिवशी गठ्ठ्यात होतं: फरशीला लावायचं मेण, बँडचे गणवेश, आणि या दोहोंच्या मध्ये बसमार्गात किरकोळ बदल.

केंड्राने ते वाचलं. तिचा चेहरा मला बाजूने दिसत होता. सासूने तिला काय सांगितलं होतं, काय नव्हतं, देव जाणे. पण तिची गोची सरळ होती. मत द्यावं तर वकील उभा. 'हा माझ्या मुलीचा विषय, मी यात नाही' असं म्हणावं, तर विषय गठ्ठ्यातून बाहेर, मग चर्चा, मग ब्रेंट विचारणार की अध्यक्षांना एकाएकी काय झालं. प्रामाणिक वाक्य तोंडातून निघालं की थांबा पुन्हा पलीकडे.

"मला जरा जाऊन यायचंय," ती उठत म्हणाली.

"ये जाऊन. सावकाश," व्हर्लिन म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

मी दाराशीच बसतो. ती कपाटासमोर उभी राहिली, काचेवर हात टेकून. आत व्हर्लिनने हात वर केला, ब्रेंटने त्याचा हात पाहून आपला केला, बाकीच्या दोघांचे आधीच वर होते. गेलनने दारातून डोकं बाहेर काढलं.

"ये आत. मेण मंजूर झालं."

"आणि गणवेश?"

"गणवेशही. गठ्ठा सगळाच."

तिने काचेवरचा हात काढला. पाणी प्यायच्या नळावर तोंड धुतलं, बाहीला पुसलं आणि येऊन आपल्या खुर्चीत बसली.

पुढचा विषय फुटबॉलच्या मैदानावरच्या नव्या गुणफलकाचा होता, दिव्यांचा, चित्रं दाखवणारा. व्हर्लिनचा जीव त्यात होता. व्हर्लिन आणि ब्रेंट बाजूने. मिसेस दोस्ताल विरुद्ध, कारण त्यात बँड कुठेच नव्हता; गेलन विरुद्ध, कारण जुन्यावर आकडे दिसतात. सगळ्यांनी केंड्राकडे पाहिलं.

"विरुद्ध," ती म्हणाली. "त्यापेक्षा बसचे टायर घ्या."

व्हर्लिन तिच्याकडे बघतच राहिला. "केंड्रा, तू नीट विचार केलास ना?"

"केला."

"म्हणजे सगळ्याच गोष्टींचा?"

"कुठल्या गोष्टींचा, व्हर्लिन? सांगा ना. सभा उघडीच आहे."

व्हर्लिनने तोंड उघडलं, माझ्या हातातल्या पेनकडे पाहिलं, आणि पुढचा विषय पुकारला.