गुंडीचं वजन

गुंडी परत आली तेव्हा टेलरमास्तर तिला ओलांडूनच दुकानात शिरले. उंबऱ्यावर चिंधी पडलीय असं त्यांना वाटलं. मग ते मागे वळले. मांजराची हाडं न् हाडं मोजता येत होती, पण कानाजवळचा काळा गोल ठिपका तोच होता. त्या ठिपक्यावरूनच मास्तरांच्या बायकोने तिचं नाव गुंडी ठेवलं होतं.

बायको गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलं, दार दिवसभर उघडं राहिलं आणि त्या गर्दीत गुंडी निघून गेली. पुढे माणसंही गेली. परत आली ती एकटी गुंडीच.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजार काही नाही, उपासमार झालीय. एकदम पोटभर घालू नका, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा द्या. वजनावर मात्र लक्ष ठेवा, उतरलं तर लगेच घेऊन या.

मास्तरांनी ते मनावर घेतलं. मशीन थांबवून ते उकडलेलं मांस बारीक करायचे, कोमट करायचे आणि "जेवायला ये गं" म्हणून हाक मारायचे. गिऱ्हाईक खोळंबलं तरी चालेल, गुंडी खोळंबता कामा नये. स्वतःचं काय, चहात पाव बुडवला की झालं. पूर्वी बायको आतून हाक मारायची, "ऐकलं का, जेवायला या." मास्तर हातातलं काज पुरं करूनच उठायचे, तोवर ताट निवायचं आणि त्यावरून दोघांची रोज जुंपायची. आता हाक नव्हती, भांडणही नव्हतं. जेवायची वेळ झाली हेच त्यांना कळायचं नाही.

वजनाचा मात्र घोळ होता. गुंडी काट्यावर टिकेल तर शपथ. म्हणून मास्तर तिला कुशीत घेऊन काट्यावर चढायचे आणि आलेल्या आकड्यातून आपलं वजन वजा करायचे. आपलं वजन त्यांना तोंडपाठ होतं. लग्नातल्या कोटाची बटणं अजून लागतात ही त्यांची जुनी फुशारकी. मापं गिऱ्हाइकांची बदलतात, टेलरची नाही, असं ते सांगायचे.

हिशेब रोज वाईट निघू लागला. गुंडी ताटली चाटूनपुसून साफ करायची, तरी आकडा खालीच. मास्तरांनी मांसात अंडं घातलं, तरी तेच. हातांना ती जड लागत होती, पण म्हातारपणी सगळंच जड लागतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. एका सकाळी तर वजाबाकीत मांजर जवळजवळ उरलंच नाही. मास्तरांचं धाबं दणाणलं. त्यांनी तिला शालीत गुंडाळून दवाखाना गाठला. वाटभर ते तिला विनवत होते, तू तरी जाऊ नकोस. बायकोच्या हातून लाड करून घेतलेलं घरात आता तेवढंच उरलं होतं.

डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर टोपली होती. गुंडी तिच्यात ऐसपैस बसली. मांजर छान भरलंय, आता जरा हात आखडता घ्या, असं त्या हसत म्हणाल्या. मास्तरांना पटेना. त्यांनी आपली वजन करायची रीत सांगितली, तसं बाईंचं हसू मावळलं. त्यांची नजर मास्तरांच्या पट्ट्यावर गेली. त्याला एक नवं भोक होतं. ते मास्तरांनीच दाभणाने पाडलं होतं आणि का पाडावं लागलं याचा विचारही केला नव्हता. दुसऱ्याची कंबर नुसत्या नजरेने जोखणारा माणूस, पण दिव्याखाली अंधार.

"काका, उतरलंय ते तुमचं वजन," त्या म्हणाल्या. "तुम्हीही हिच्यासारखंच खा. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा."

"हिला मी हाक मारतो," मास्तर म्हणाले. "मला कोण मारणार?"

बाईंनी गुंडीला शालीत गुंडाळून त्यांच्या हातात दिलं.

घरी येऊन मास्तरांनी गॅसवर भात ठेवला, अंडी उकडली. गुंडीच्या ताटलीशेजारी आपलं ताट मांडलं. मग स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून त्यांनी दुकानाकडे तोंड केलं.

"ऐकलं का," ते म्हणाले. "जेवायला या."

मशीनवर कोणीच नव्हतं. तरी एक काज पुरं व्हावं इतका वेळ ते तिथे थांबले. मग ताट निवायच्या आत जेवायला बसले.