सुकलालच्या टाकीतली हवा

"बाबा, त्याले हात नका लावू हं आता," असं बजावून अमृता केस धुवायला न्हाणीत गेली.

'त्याले' म्हणजे तिच्या लॅपटॉपला. सात वर्षांपूर्वी बारावीत चांगले टक्के पडले म्हणून सरकारकडून मिळालेल्या पैशांतून तो घेतला होता. अलीकडे तापला की आपोआप बंद पडायचा. त्या दिवशी अकरा वाजता तिची पुण्याच्या एका कंपनीतल्या नोकरीसाठीची शेवटची परीक्षा होती, घरूनच द्यायची, दोन तासांची. परीक्षेचं सॉफ्टवेअर याच लॅपटॉपवर नोंदलेलं, त्यामुळे ऐनवेळी दुसरा कुणाचा आणून चालणार नव्हतं. दुरुस्तीवाल्या नीलेशने बघून सांगितलं होतं की आतला पंखा धुळीने जाम झालाय, नवा टाकावा लागेल, इंदूरहून यायला चार दिवस.

मग पोरीने मोबाइलवर बघून स्वतःच युक्ती काढली. खालचं झाकण काढायचं, लॅपटॉप पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर ठेवायचा आणि खालून टेबलफॅन सोडायचा. आदल्या संध्याकाळी तिने तो असा सव्वादोन तास चालवला, एकदाही बंद पडला नाही. म्हणजे माझी काही गरजच नव्हती. आज हे सरळ लिहितोय, पण तेव्हा मला ते सोसवलं नाही.

मी एकतीस वर्षं नेपानगरच्या कागद मिलमध्ये फिटर होतो. आत्मारामचा हात लागला की मशीन उठतं, असं लोक म्हणायचे. निदान मला तसं ऐकू यायचं. रिटायर होऊन लोधीपुऱ्यात राहायला आलो आणि घरात मला मिक्सरशिवाय कुणी काही विचारायला येईना. इथे पोटच्या पोरीचं मशीन आजारी, आणि तिने ते दाखवलं नीलेशला, ज्याला अजून धड मिशा नाहीत! पुस्तकांवर चढवलेला तो लॅपटॉप बघून माझं डोकं फिरलं. धूळ बसलीय ना? मग हवा मारा. मिलमध्ये आम्ही दुसरं काय करायचो?

झाकण उघडंच होतं. मी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला.

"कुठी नेऊन राहिले ते?" रजनीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"आलोच दहा मिनिटांत."

"अमृताले इचारलं का?"

बायकोच्या प्रश्नाला उत्तर न देता बाहेर पडायची कला मला लग्नापासूनच साधली आहे.

कोपऱ्यावर सुकलालचं पंक्चरचं दुकान आहे. त्याने टॉवेल उघडून बघितला आणि हसला. "आत्मारामभाऊ, ये क्या लाए? ह्याच्यात हवा भरू का काढू?"

"तू फक्त नळी दे. बाकीचं मले समजते."

दोघंतिघं जमले होते. मी नळी धरली, पंख्यावर नेम धरला आणि फर्र केलं. राखाडी धुळीचा असा लोट निघाला की सुकलाल मागे सरकला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. मी आणखी मारली, कानाकोपऱ्यात मारली. तळहाताला गार लागत होतं, जरासं ओलसर. हवा गारच असते, म्हटलं.

हवेच्या टाकीत पाणी साठतं. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. एकतीस वर्षं रोज सकाळी कामावर गेलो की पहिल्यांदा टाकीखालचा कॉक उघडून ते पाणी काढून टाकायचं, मगच नळीला हात लावायचा, हे माझंच काम होतं. नव्या पोरांना याच चुकीवरून मी शिव्या घातल्या आहेत. सुकलालच्या टाकीचा कॉक गंजून बसला होता, वर्षानुवर्षं कुणी उघडला नसावा. माझ्या हाताला ओल कळली होती आणि तरी मी थांबलो नाही, कारण लोक बघत होते.

घरी आलो तेव्हा अमृता ओल्या केसांनी दारातच उभी होती. तिने लॅपटॉप घेतला, पुस्तकांवर ठेवला, बटण दाबलं. दिवा लागला, पडदा थरथरला आणि सगळं काळं झालं. सव्वादहा वाजले होते.

तिने बॅटरी काढली, बटण दाबून धरलं. मेमरीची पट्टी काढून पेन्सिलच्या खोडरबराने घासली, परत बसवली. रजनीने केस वाळवायचं मशीन शेजारच्या मालूबाईकडून आणलं. मी "उन्हात ठेवू का?" म्हणालो, तर कुणी ऐकल्याचं दाखवलं नाही. अकरा वाजले. साडेअकराला तिने मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि तो टेबलावर पालथा ठेवला.

"लिंक बंद झाली," ती आईला म्हणाली. तीन वर्षं केळीच्या व्यापाऱ्याकडे गाड्यांच्या पावत्या टाइप करता करता रात्रीचा अभ्यास करून पोरगी इथवर आली होती. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

दुपारी आम्ही नीलेशकडे गेलो. मीच म्हणालो मी येतो, आणि ती नको म्हणाली नाही. त्याने दिव्याखाली बोर्ड धरला, भिंगातून बराच वेळ बघितलं.

"दीदी, पानी गिरा था क्या इसपे? सगळीकडे डाग आहेत बघा. बोर्ड गेलाय. याच्यावर खर्च करू नका आता."

मी तोंड उघडलं. एवढंच सांगायचं होतं की हवा मी मारली. एका कारागिराला दुसऱ्या कारागिरासमोर चार शब्द बोलायचे होते.

"हो," अमृता म्हणाली. "माझ्याच हातून सांडलं. ग्लास शेजारी ठेवला होता."

"इतनी पढ़ी-लिखी होके?" नीलेश हसला. मग त्याने तिला समजावून सांगितलं, की मशीनजवळ पाणी ठेवू नये, घाईत उघडू नये, ज्यातलं आपल्याला कळत नाही त्यात हात घालू नये. ती मान खाली घालून सगळं ऐकत होती. मी तिच्या शेजारीच उभा होतो.

"काका, तुम्ही तर मिलमधले जुने फिटर," नीलेश माझ्याकडे वळून म्हणाला. "जरा समजवा पोरीले."

"हो," मी म्हणालो. "सांगतो तिला."