वेंडेलची दाढी

दानूबकाठच्या त्या वाळूच्या गावात बाईची अब्रू नवऱ्याच्या कबरीवर मोजत. बेगोनिया टवटवीत असतील तर बाई सालस. कोमेजल्या तर तिने नवऱ्याला जिवंतपणी काय खायला घातलं असेल, यावर चर्चा. एटेल्काच्या गुडघ्यांना मात्र नळापासून कबरीपर्यंत झारी नेणं जमेना. शिवाय तिच्या वेंडेलने जन्मभर मधमाश्या पाळलेल्या. माशी ढुंकून बघत नाही म्हणून बेगोनियाचा त्याला तिटकारा. तेव्हा तिने माळावरच्या नागफुसकाऱ्याचं, माश्यांच्या लाडक्या निळ्या रानफुलाचं, मूठभर बी कबरीवर भिरकावलं. वाळूत वाढतो, पाणी मागत नाही.

पहिल्या वर्षी आली ती नुसती जमिनीला चिकटलेली केसाळ पानं.

"नवऱ्यावर राग असतो गं एकेकीचा," दफनभूमी समितीच्या अध्यक्षा योलानबाई म्हणाल्या, "पण तो असा चारचौघांत काढायचा?"

"जिवंत होता तेव्हा तरी कुठे दाढी करायचा?" एटेल्का म्हणाली.

समितीने वर्षाची मुदत दिली, कारण पुढची बैठकच वर्षाने होती. पुढच्या जुलैत संत आनाच्या सणापर्यंत तण निघालं नाही, तर योलानबाई स्वतः उपटणार होत्या.

दुसऱ्या वर्षी उन्हाळा आला, पाऊस आला नाही. नळ कोरडा पडला, बेगोनिया सामुदायिकरीत्या वारल्या. वेंडेल तेवढा गुडघाभर निळ्या फुलांनिशी उभा. दिवसभर माश्यांनी असा गुणगुणायचा, की पाद्रीबाबांना दोनदा वाटलं, मागून कोणी आमेन म्हणतंय. एटेल्का तिथेच विणकाम घेऊन बसे. हे उपटलं असतं तर वेंडेल खरोखरच गेला असता.

गावात सगळ्यांच्या मधाच्या पेट्या रिकाम्या, फक्त दफनभूमीच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या योलानबाईंच्या जड. "मी नवस बोलले होते," त्या सांगत फिरत.

सणाच्या सकाळी त्या ठेवणीतल्या काळ्या पोशाखात, खांद्यावर कुदळ टाकून आल्या.

"बाजूला हो. आज माझं डोकं ठिकाणावर नाही. आठवडा झाला, पेट्यांवर पांढऱ्या माश्या येतायत. कसला रोग आलाय देव जाणे!"

एटेल्काने खिशातून चिमूटभर पीठ काढून फुलावरच्या माशीवर भुरभुरलं. माशी कुठे राहते ते शोधायची वेंडेलची जुनी युक्ती. पांढरी माशी उठली आणि भिंतीवरून थेट योलानबाईंच्या अंगणात उतरली. पाठोपाठ दुसरी.

"रोग नाही, गव्हाचं पीठ आहे," एटेल्का बाजूला झाली. "उपटा आता."

योलानबाईंनी फुलांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं.

"जिवंतपणी मला चमचाभर मध दिला नाही या माणसानं!"

"मेल्यावर सुधारला."

कुदळ वळली ती शेजारच्या कबरीकडे. आपल्या नवऱ्याच्या, रेझोच्या वाळक्या बेगोनिया खणून काढल्यावर योलानबाईंनी हळूच हात पुढे केला. "बी आहे का गं मूठभर?"

"आहे की. पण पहिलं वर्ष नुसती दाढी येते हं. गाव बोलेल."

"माझा रेझो रोज दाढी करायचा गं," योलानबाई काळजीने म्हणाल्या, आणि त्यांनी बी टाकलं.