राघूची मळ्याची वाट

राघू आमच्या ह्यांचा कुत्रा. हे गेले त्या वर्षापासून तो रोज सकाळी माझ्याबरोबर मळ्यात यायचा, विहिरीजवळ ह्यांच्या बसायच्या जागी अंग टाकायचा आणि दिवस मावळायला माझ्याबरोबर परतायचा. आता त्याला एका डोळ्याने दिसत नव्हतं, कान तर नावालाच उरले होते, पण वाट चुकत नव्हता. जोडीला बिजली, दोन वर्षांची कुत्री, नुसती वारं प्यायलेली.

दिवाळी सरली आणि शेजारच्या सोपानरावाने आपल्या रानात खतासाठी धनगराची मेंढरं बसवली. आमची वाट त्याच्याच बांधावरनं. दुसरी वाट दिघी गावाच्या अंगाने होती, तिथं लष्कराने तार ठोकलेली. मेंढरांबरोबर तीन कुत्री. मोकळी, वासराएवढी.

पहिल्याच सकाळी ती भुंकत आली. गावातल्या कुत्र्याला काय लागतं? माणूस दगडाला वाकलं की शेपूट घालून पळतं. मी राघू-बिजलीच्या दोऱ्या मनगटाला गुंडाळल्या, वाकले आणि ढेकूळ उचललं. ती पळाली नाहीत, थेट अंगावर आली. मी दोरी अशी आवळलेली की राघूला मागं सरायलाही जागा नाही. त्या तिघांतल्या काळ्याने त्याची मान धरली. धनगरीण ओरडत धावली तेव्हा सोडली.

माझा मुलगा बबन पिंपरीच्या कारखान्यात जातो. सायकलवर टांग टाकता टाकता म्हणाला, "आई, मेंढरं जाईस्तोवर म्हाताऱ्याला दारात बांध."

बांधला. राघूने भाकरीला तोंड लावलं नाही. दुधात कुस्करून दिली, तरी नाही. मळ्याकडे तोंड करून पडून राहायचा. मानेवर खपली धरली, पण चौथ्या दिवशी बरगड्या दिसायला लागल्या. मेंढरं अजून पंधरा दिवस बसणार होती. तेवढे दिवस तो काढत नाही, हे सांगायला वैद्य लागत नव्हता.

माझी सून कुशा, तोंडात जीभ आहे की नाही कळू नये अशी. ती चुलीपुढून म्हणाली, "आत्याबाई, सोजराबाईला इचारू का?"

"कोण गं ही?"

"धनगरीण. मी दुपारी गड्यांच्या भाकरी घेऊन तिथनंच जाते की."

"आन तुला न्हाई धरत ती कुत्री?"

"न्हाई. कसं जायचं ते सांगितलंय तिनं."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

कुशा भाकरी थापत राहिली. "सांगत व्हती त्या दिवशी. तुमी म्हणालात, आधी तुझी कुत्री माणसात आण, मग बोल."

म्हणाले होते. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या सकाळी मी राघूला दारातनं सोडून त्याची दोरी धरली, बिजली कुशाच्या हातात दिली. बांधाच्या अलीकडे कुशाने मला थांबवलं आणि हाळी दिली, "ओ सोजराबाय! आमी आलोय, कुत्री हायेत संगं!"

सोजराबाई मेंढरांच्या जाळीआडून उठली. काटक बाई, काखेत कोकरू.

"या मावशी! आधी हातातला दगड टाका."

माझ्या मुठीत खरंच होता. कधी घेतला देव जाणे. टाकला.

"आमची कुत्री राखणीची. वाकला त्यो चोर, येवढंच त्यास्नी ठावं. ताठ चाला. दोरी सैल सोडा. म्हातारा तुमच्या पलीकडनं घ्या, आन वाट सोडून जरा वळसा घाला."

"वळसा? ही वाट माझ्या सासऱ्याच्या वेळची हाय!"

"व्हय की. ती कुठं पळतीया?"

कुशा तोंडाला पदर लावून हसली. लग्नाला तीन वर्षं झाली, आज पहिल्यांदा हसताना बघितली, तीही माझ्यावर.

आम्ही कापलेल्या बाजरीच्या सडातनं वळसा घेतला. तरी तिन्ही कुत्री उठून आली. माझी मूठ आपोआप आवळली.

"सैल, आत्याबाई," मागनं कुशा हळूच म्हणाली.

सोडली. काळा माझ्यामागनं फिरून राघूच्या आंधळ्या बाजूने आला. राघूला दिसला नाही, पण वास लागला. त्याने भुंकण्याऐवजी तोंड दुसरीकडे वळवलं आणि उभा राहिला. काळ्याने त्याची मान हुंगली, खपली हुंगली. मी ताठ उभी. मग काळा बाजूला झाला आणि आमच्यासोबत चालायला लागला, जणू पाहुण्यांना वेशीपर्यंत पोचवतोय. बांध संपला तशी सोजराबाईने शीळ घातली आणि तो माघारी फिरला.

मळ्यात राघू पाटाचं पाणी लपलप प्याला. कुशाने टोपल्यातली भाकरी मोडून पुढं ठेवली, ती त्याने संपवली आणि विहिरीजवळ जाऊन पडला. मी त्याच्या बाजूला बसले.

"कुशे, उद्यापासनं ह्याची दोरी तूच धर. माझ्या हाताला सैल सोडायचं ठावं न्हाई."

"हुईल की सवय," असं म्हणून तिने दुसरी भाकरी माझ्या हातावर ठेवली. "आता तुमी खावा. चार दिस तुमी बी कुठं जेवलाय?"

मला वाटलं होतं, कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी भाकरी मोडली.