दोन तुकडे, एक ओळ

भाचीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. फोनवर मामा नुसतं हं-हं करतो, म्हणून तिनं मुद्दाम कागदावर लिहिलं होतं. तेही माझ्या टेबलावर पुस्तकांखाली पडून राहिलं.

ती प्रकाश टिपणारी उपकरणं बनवते. स्फटिकाला चिकटपट्टी लावून ओढली, की काही अणूंइतक्या जाडीचे पापुद्रे सुटतात. ते एकावर एक रचून तारा जोडायच्या. तिच्या एका तुकड्याला अगदी मिणमिणता उजेडही कळे, पण दिवा मालवल्यावर त्यातला प्रवाह कितीतरी वेळ ओसरत नसे. दुसरा क्षणात शांत होई, पण त्याला मंद उजेड दिसतच नव्हता. तिच्या मार्गदर्शक सरांनी शोधलेखाच्या तक्त्यात पहिल्याची संवेदनशीलता आणि दुसऱ्याचा वेग एकाच ओळीत लिहिला. जणू एकच तुकडा दोन्ही करतो.

"मामा, या लेखाला माझं नाव देऊ का?" एवढंच तिनं विचारलं होतं. नाही म्हटलं तर सर तिचा प्रबंध अडवतील, हे मला नंतर धाकट्या बहिणीकडून, म्हणजे तिच्या आईकडून कळलं.

मी जन्मभर विज्ञानाच्या पुस्तकांची मुद्रितं तपासली. स्वतः साधा दिवाही कधी जोडला नाही. मी कोण सांगणार?

रविवारी बहीण आली. सगळेच असं करतात, असं सर म्हणाले होते म्हणे. पोरगी धड जेवत नव्हती, घरी आली की भिंतीकडे तोंड करून पडत होती.

"दादा, ती तुझंच ऐकते, पुस्तकातल्या किड्याचं. नाव दे म्हणून लिही."

"आणि तसं नाही लिहिलं तर?"

"तर तिची इतकी वर्षं पाण्यात. तू सांभाळणार आहेस का तिला?"

चहा तसाच टाकून ती गेली. तिनं टोमणा मारला होता, पण मला रात्रभर तो प्रश्नच वाटत राहिला.

सकाळी बरेच कागद फाडले. प्रत्येकात सत्यावर एक लांबलचक परिच्छेद उगवत होता. शेवटी लिहिलं: "तुकडे दोन आहेत, तर तक्त्यात ओळीही दोन हव्यात. सर ऐकत नसतील तर नाव देऊ नकोस. मागची खोली रिकामी केली आहे. पुस्तकं माझ्या पलंगाखाली मावली."

टपालपेटीशी हात अडला. मी चुकत असलो तर भोगायचं पोरीला होतं, आणि बहीण बहुधा यापुढे माझ्याशी बोलणार नव्हती. पण खोली खरोखरच रिकामी केली होती.

मी पाकीट आत सोडलं.